परमिट वर्षभराचं, पण गाडी चालवायचा हक्क सहा महिन्यांचा

प्रश्न : मी फेब्रुवारीत नोकरीसाठी पुण्याहून म्युनिकला आले. एप्रिलमध्ये जुनी गाडी घेतली, ती माझ्याच नावावर आहे. येताना आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट जानेवारीपर्यंत चालू आहे. डिसेंबरात नाशिकहून भाऊ, वहिनी आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी येतायत. नाताळात इन्सब्रुक, व्हेरोना करत फ्लॉरेन्सपर्यंत गाडीने जायचं ठरलंय. ऑफिसातले म्हणतात, परमिट आहे ना, मग काळजी नको. डिकीत आणि कागदपत्रांत काय काय ठेवू?

उत्तर : डिकीचं नंतर बघू. आधी स्टिअरिंगवर कोण बसणार ते ठरवायला हवं, कारण आजच्या घडीला तुम्ही बसू शकत नाही.

जर्मनीत कायमच्या वास्तव्याला आलेल्या माणसाचं भारतीय लायसन्स वास्तव्य सुरू झाल्यापासून फक्त सहा महिने चालतं. तुमचे सहा महिने ऑगस्टमध्ये संपले. परमिटवर जानेवारीची तारीख आहे हे खरं, पण परमिट म्हणजे तुमच्या मूळ लायसन्सचा भाषांतरित सोबती. मूळ लायसन्सच इथे चालेनासं झालं की परमिटची तारीख कामाची राहत नाही. मध्ये भारतात जाऊन आलात तरी मोजणी पुन्हा सुरू होत नाही. मुक्काम एकूण वर्षभराच्या आतच संपणार असेल तर मुदत वाढवून मागता येते. तुमची नोकरी त्याहून लांबची असेल, तर ती वाट बंद आहे.

याला साधं चलन समजू नका. लायसन्सशिवाय गाडी चालवणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. शिवाय नवं लायसन्स काही काळ न देण्याचा आदेशही न्यायालय काढू शकतं. दंड ९० दिवसांच्या उत्पन्नाहून जास्त धरला गेला तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही तो आडवा येतो. अपघात झालाच, तर विमा कंपनी समोरच्याची भरपाई देते, पण त्यातले ५,००० युरोपर्यंत तुमच्याकडून वसूल करू शकते, आणि तुमच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे नाकारू शकते. ऑगस्टनंतर गाडी चालवली असेल तर आजपासून थांबवा. कधी पोलिसांनी हटकलंच तर ओळखपत्र दाखवा, नाव-पत्ता सांगा. 'कधीपासून चालवताय' याचं उत्तर वकिलाशी बोलल्याशिवाय देऊ नका. गप्प राहण्याचा हक्क तुम्हाला कायद्यानेच दिलेला आहे.

आता भाऊ. त्याचं घर नाशिकला आहे, तो पाहुणा म्हणून येतोय, त्यामुळे सहा महिन्यांची ही अट त्याच्यावर तशी लागू होत नाही. तो गाडी चालवू शकतो. मात्र त्याने निघण्यापूर्वी नाशिकच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढायलाच हवं, आणि सोबत मूळ लायसन्सचं कार्ड आणायला हवं. मोबाइलमधल्या लायसन्सवर विसंबू नका. आणि तुम्ही गाडीच्या मालक आहात, म्हणून हे कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याच्या हाती किल्ली देऊ नका. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू देणाऱ्या मालकावरही गुन्हा दाखल होतो.

विमा कंपनीला आधी कळवा. पॉलिसीत गाडी कोण चालवणार हे लिहिलेलं असतं. त्यात फक्त तुमचं नाव असेल तर भावाचं नाव प्रवासापुरतं जोडून घ्या, लेखी उत्तर मागा. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

गाडीत ठेवायचे कागद : नोंदणीचा पहिला भाग (दुसरा भाग घरीच ठेवा, चोरीला गेला तर मोठा घोळ होतो), सगळ्यांचे पासपोर्ट, तुमचं निवास कार्ड, त्यांचे व्हिसा. शेंगेनमध्ये तपासणी नसते असं गृहीत धरू नका. ऑस्ट्रियाहून परत जर्मनीत शिरताना पोलीस गाड्या थांबवतात. विम्याचं आंतरराष्ट्रीय कार्ड ऑस्ट्रिया-इटलीत सक्तीचं नाही, पण सोबत असलं की अपघातानंतर बोलणं सोपं होतं.

डिकीत धोक्याचा त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी. रिफ्लेक्टर जॅकेट मात्र डिकीत नको, सीटजवळ ठेवा, कारण ते अंगात घालूनच गाडीबाहेर उतरायचं असतं. प्रत्येक माणसामागे एक घ्या. भाचीची उंची १५० सेंमीहून कमी असेल तर तिला मुलांची सीट लागेल.

टायरबाबत तडजोड करू नका. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. इटलीत १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात अनेक रस्त्यांवर ते किंवा साखळ्या लागतात. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर जर्मनीत हिवाळी म्हणून धरले जातात. जुनी गाडी घेतलीय, म्हणून हे चिन्ह स्वतः वाकून तपासा.

ऑस्ट्रियाच्या महामार्गांचा टोल सरहद्दीच्या आत शिरण्यापूर्वीच भरलेला हवा, आणि ब्रेनरच्या (ऑस्ट्रिया-इटली सरहद्दीवरच्या घाटाच्या) टप्प्याचा टोल वेगळा आहे.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते इटलीतल्या जुन्या शहरांत. फ्लॉरेन्सच्या मध्यभागी मर्यादित वाहतुकीचा भाग आहे. गाडी आत शिरली की कॅमेरा नंबर टिपतो, कोणी अडवत नाही, आणि परदेशातल्या मालकाला नोटीस ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते. ती येईल तुमच्या नावावर. हॉटेल त्या भागात असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवा, नोंद झाल्याचं लेखी घ्या, नाहीतर गाडी बाहेरच उभी करा. आलेली नोटीस फाडून टाकू नका, ७० युरोंपासूनचा दंड जर्मन सरकारमार्फत वसूल होऊ शकतो.

धडक झाली तर ११२. मग अपघाताचा युरोपीय फॉर्म भरा, एक रिकामा गाडीत ठेवा. त्याची मांडणी सगळ्या भाषांत सारखीच असते, म्हणून समोरचा इटालियनमध्ये भरत असला तरी तुम्ही जर्मन किंवा इंग्रजी प्रत शेजारी धरून वाचू शकता. समजलं नाही त्यावर सही करू नका. इटालियन गाडीने नुकसान केलं असेल तर त्या विमा कंपनीचा जर्मनीतला प्रतिनिधी शोधा. त्याने तीन महिन्यांत उत्तर द्यावं असा नियम आहे.

एक गोष्ट वकील म्हणून नव्हे, काळजीपोटी विचारते : तुमच्या भावाने उजव्या बाजूने, बर्फात, घाटात गाडी कधी चालवलीय का? नसेल तर म्युनिकहून व्हेरोनाला ब्रेनरमार्गे थेट रेल्वे जाते. कायद्याने तो चालवू शकतो, म्हणून त्याने चालवायलाच हवं असं नाही.

आणि तुमचं लायसन्स. भारतीय लायसन्सवर जर्मनीत थेट बदली मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पण तुम्ही आधीपासून लायसन्सधारक आहात, म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या ठरावीक तासांची सक्ती नाही. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. नजर तपासणी, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग, लायसन्सचं भाषांतर आणि फोटो घेऊन या आठवड्यातच अर्ज करा.