सात वर्षांच्या मुलीसाठी पहिला कॉम्प्युटर घेतोय, घर समुद्राजवळ आहे. तो कसा लावावा, कसा सांभाळावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की घर वेंगुर्ल्याजवळ, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. मुलगी दुसरीत. दीर गणपतीला येताना ऑफिसने काढून टाकलेला पीसी तिच्यासाठी आणणार आहेत. आणि तुमचा प्रश्न हा की अँटीव्हायरस कोणता घ्यावा, नेटवर तिला नको ते दिसू नये म्हणून काय काय बंद करावं.

माझं मालवण तालुक्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गणपतीत चाकरमान्यांनी आणलेले पीसी दिवाळीपर्यंत माझ्या टेबलावर यायला लागतात, आणि त्यातल्या बहुतेकांना व्हायरस झालेला नसतो. त्यांना वीज बाधलेली असते नाहीतर खारी हवा. त्यामुळे अँटीव्हायरसचं एका ओळीत उरकतो: विंडोजमध्ये डिफेंडर फुकट येतो, तो चालू ठेवा, अपडेट बंद करू नका, तुमच्या मुलीला तेवढं पुरतं. अँटीव्हायरसला दरवर्षी जे पैसे भराल ते एकदा वायरमनला द्या.

का, ते सांगतो. कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे एसएमपीएसमध्ये, विजेतला खरखराट गाळायला छोटे कपॅसिटर असतात आणि ते अर्थिंगच्या वायरीला जोडलेले असतात. अर्थिंग धड असेल तर त्यातून झिरपणारा करंट मुकाट जमिनीत जातो. नसेल तर तो पत्र्याच्या कॅबिनेटवर येऊन बसतो. मीटर लावला की शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवतो. करंट अगदी थोडा असतो, पायात चप्पल असलेल्या मोठ्या माणसाला कळतही नाही. पण मूल अनवाणी असतं, पावसाळ्यात लादी ओलसर असते, आणि पेनड्राइव्ह लावताना बोट नेमकं यूएसबीच्या पत्र्याला लागतं. "आई, हाताला मुंग्या येतात" असं मुलगी म्हणाली तर काहीतरीच काय म्हणून उडवून लावू नका. त्या झिणझिण्यांनी काही होत नाही, पण उद्या आत खरोखरच फेज, म्हणजे करंटची वायर, पत्र्याला टेकली तर त्या विजेला जायला वाट नाही, एवढं त्यातून कळतं.

आपल्याकडे हे जास्त दिसतं, कारण जांभा, म्हणजे आपली लाल दगडी जमीन. पावसात ठीक असतो, पण मार्च-एप्रिलमध्ये असा कोरडा पडतो की अर्थिंग नावापुरतं उरतं. त्यात किनाऱ्यावर खड्ड्यातला लोखंडी पाइप गंजतोही लवकर. वायरमनला बोलवा आणि तुमच्यासमोर मोजायला सांगा: फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत. नुसता टेस्टर लावून "आसा आसा, बरा आसा" म्हणाला तर मानू नका. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर त्याच दिवशी बसवून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात घालणारा कन्व्हर्टर घरात असेल तर तो फेकून द्या. अर्थिंगची पिन हवेत लटकवायची एवढंच त्याचं काम.

वीज चमकायला लागली, मग तो मे महिन्यातला वळीव असो की ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. यूपीएस घ्याच, साधा ६०० व्हीएचा, म्हणजे लाईट गेली की पीसी नीट बंद करायला वेळ मिळतो. पण यूपीएसने पडणारी वीज अडत नाही. फायबरचं कनेक्शन असेल तर त्या काचेच्या तारेतून वीज येत नाही, येते ती मोडेमच्या अडॅप्टरमधून, आणि पुढे लॅनच्या तांब्याच्या वायरीने पीसीपर्यंत पोचते. म्हणून मोडेमचाही प्लग काढा, किंवा पीसी वायफायवरच चालवा.

खाऱ्या हवेचं दुखणं संथ असतं. एके दिवशी पंखा फिरतो, स्क्रीन काळी, आत बीप-बीप. दहातल्या सात-आठ वेळा रॅमच्या, म्हणजे आतल्या मेमरीच्या कार्डाच्या, सोनेरी पट्ट्यांवर थर बसलेला असतो. प्लग काढायचा, रॅम बाहेर काढायची, मुलीचं खोडरबर घेऊन त्या पट्ट्यांवरून हलक्या हाताने फिरवायचं, कण फुंकरीने नाही तर मऊ ब्रशने झाडायचे, पुन्हा बसवायची. दुकानात आम्ही तेच करतो आणि त्याचे पैसे घेतो. ही पाळी कमी यावी असं वाटत असेल तर पीसी समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नका, जमिनीवर ठेवू नका, आणि पावसाळ्यात दिवसाआड तरी अर्धा तास चालवा. आतली ऊब दमट हवा बाहेर काढते. "पावसात खराब होईल" म्हणून जूनमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून गणपतीला उघडलेला पीसी मला नेहमी भेटतो. झाकायचा तर सुती कापडाने, तोही थंड झाल्यावर.

मागच्या बाजूला एखादी रिकामी फट असेल (ऑफिसच्या जुन्या मशिनांत हमखास असते) तर तिथे पत्र्याची पट्टी बसवून घ्या. मुंग्या आणि पाली तिथूनच आत जातात. पाल एसएमपीएसमध्ये शिरली की तीही जाते आणि एसएमपीएसही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. पीसी ऑफिसचा आहे, तेव्हा तो आहे तसा मुलीला देऊ नका. आत कुणाच्या फायली, कुणाचे पासवर्ड, कसले क्रॅक केलेले प्रोग्राम असतील कोण जाणे. डिस्क पूर्ण पुसून नव्याने विंडोज टाका. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला, रॅम ८ जीबी करा. आणि प्रोसेसर कितव्या जनरेशनचा आहे ते आधी बघा. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीच्या मशिनांना अधिकृतपणे चालत नाही. मशीन त्याहून जुनं निघालं तर विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स मिंट टाका. मुलांना काहीच फरक पडत नाही, फरक मोठ्यांना पडतो. कुणी "अ‍ॅक्टिव्हेटर मारून देतो" म्हणालं, म्हणजे पैसे न भरता विंडोज चोरून चालू करून देतो म्हणालं, तर नको म्हणा, व्हायरस घरात येण्याची ती सगळ्यात सोपी वाट आहे.

मग दोन खाती करा, आणि माझ्या मते नेटवरच्या सगळ्या सुरक्षेत महत्त्वाचं आहे ते हेच. एक तुमचं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. एक तिचं, साधं, म्हणजे स्टँडर्ड. अ‍ॅडमिन म्हणजे कोठीच्या खोलीची किल्ली, ती कंबरेला असावी. तिच्या खात्यातून काही इन्स्टॉल व्हायला गेलं की मशीन बहुतेक वेळा तुमचा पासवर्ड मागतं आणि तिथेच थांबतं. "फ्री माइनक्राफ्ट", "फ्री रोबक्स" असली बटणं ती दाबणारच, सगळी मुलं दाबतात. दाबल्यावर सहसा काही बसत नाही, एवढं झालं तरी पुष्कळ. पासवर्ड मात्र घरातल्या कुणाचा मोबाइल नंबर ठेवू नका. आपल्याकडे दहातल्या नऊ घरांत तोच असतो आणि पोरांना तो पाठ असतो.

विंडोज ११ असेल तर अकाउंट्समध्ये फॅमिली आहे, तिथून तिचं खातं मुलाचं म्हणून जोडा. तिथे जन्मसाल खरं टाका. झंझट नको म्हणून पालक २००० वगैरे ठोकून देतात, आणि मग मशीनच्या दृष्टीने ती मोठी बाई होते, मुलांसाठीची एकही आडकाठी लागू होत नाही. शिवाय २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांच्या संमतीची तरतूद आहे, वय खोटं सांगितलं की तीही तरतूद आपणच मोडीत काढतो. फॅमिलीतून वेळेची मर्यादा, कोणते प्रोग्राम चालतील, कोणत्या साइट उघडतील हे ठरवता येतं. साइटची गाळणी फक्त एज ब्राउझरमध्ये चालते, म्हणून दुसरा ब्राउझर टाकत बसू नका. वयाप्रमाणे "फक्त परवानगी दिलेल्याच साइट" हा पर्याय निवडा. सात वर्षांच्या मुलीला पाच-सहा साइट पुष्कळ झाल्या.

घरातल्या वायफायवर आणखी एक गाळणी बसते: मोडेमच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका. क्लाउडफ्लेअरची ही फुकट सोय आहे, अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट तिथेच अडतात, मोबाइललाही फायदा. मोडेममध्ये बदलता येत नसेल किंवा नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेत असाल तर पीसीतच टाका. तिच्या साध्या खात्यातून ते बदलता येत नाही. यूट्यूबच्या आत काय चाललंय ते मात्र ही गाळणी बघत नाही. तिथे यूट्यूब किड्स लावा, आणि त्यातही तुम्ही निवडलेलेच चॅनल दिसतील असं ठेवा. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होणं बंद करा.

तिच्या खात्यात तुमचं गूगल उघडू नका. एकदा उघडलं की तुमचे साठवलेले पासवर्ड, फोटो, मेल सगळं तिच्या हाताखाली. व्हॉट्सअ‍ॅप वेब, बँक, वीजबिल, यातलं काहीही त्या खात्यातून नको. वेबकॅम सुटा असेल तर वापर झाला की वायर काढून ठेवा.

पीसी कुठे ठेवायचा? माजघरात, किंवा जिथे जाता-येता कुणाची तरी नजर पडते तिथे, स्क्रीन खोलीकडे तोंड करून. आतल्या खोलीत दार लोटून नको. हे मी तिच्यावर पाळत ठेवायला सांगत नाही. कधीतरी स्क्रीनभर लाल पाटी येईल, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा", भोंगा वाजेल, आणि ती घाबरेल. तेव्हा आजी दोन हातांवर तांदूळ निवडत बसलेली असली की झालं. मुलीला आत्ताच सांगून ठेवा: असं आलं की माऊस सोडायचा, हाक मारायची, कुणी ओरडणार नाही. तुम्ही येऊन आल्ट आणि एफ-४ दाबा, नाहीच गेलं तर मशीन बंद करून चालू करा. तो नंबर कधीच लावायचा नाही. आणि कुणी मोठ्या माणसाने तो लावलाच आणि पैसे गेले, तर लगेच १९३०वर, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे.

बसण्याचं म्हणाल तर खुर्चीवर तिचे पाय लोंबकळतील, खाली जेवायचा पाट द्या. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते पाच ते दहा वर्षांच्या मुलाचा दिवसाचा स्क्रीन टाइम दोन तासांच्या आत असावा, आणि त्यात टीव्ही-मोबाइल सगळं आलं. मी पीसीला पाऊण तास देईन. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी सांगायचं, नाहीतर रोज रडारड.

राहिलं ते तिने करायचं काय. नुसतं बंद-बंद करून कोरा डबा हातात दिला तर ती परत मोबाइल मागेल. टक्सपेंट टाका, चित्रं काढायचा फुकट प्रोग्राम आहे. जीकॉम्प्रीसही फुकट, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, त्यात माऊस धरण्यापासून बेरजांपर्यंत बरंच आहे. दोन्ही नेटशिवाय चालतात, लाईट असली की झालं. आठव्या वर्षी स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायला शिकवणारा. आणि मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून द्या. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या, त्यामुळे मराठी शाळेतल्या मुलीला तो इंग्रजी स्पेलिंगवरून टाइप करण्यापेक्षा लवकर जमतो. के-ई-के-ई दाबलं की "काका". दीर येतील तेव्हा पहिला शब्द तोच टाइप करून दाखवू दे, म्हणजे पुढच्या गणपतीला प्रिंटरही येईल.

तिची चित्रं महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पीसी आला की सेटिंग्जमधल्या सिस्टम, अबाउटमध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं, ते इथे कमेंटमध्ये लिहा. विंडोज ठेवायचं की मिंट टाकायचं ते त्यावरून सांगतो.