जटिल शर्करांवर संशोधन करायचं आहे. आधी आजार निवडावा की तंत्र?

तुमचा प्रश्न असा: बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालं आहे, पेशींवरच्या जटिल शर्करांवर, म्हणजे ग्लायकनवर, पीएचडी करायची आहे, रोजचं काम नेमकं काय असतं आणि कॅन्सर, मधुमेह असा आजार आधी ठरवावा का?

माझं मत: आधी तंत्र हातात बसवा. आजार पुढे बदलता येतो.

आणि मधुमेहाचं नाव काढलंत म्हणून एक गोष्ट लगेच. एचबीए१सी या मधुमेहाच्या रक्तचाचणीत जे मोजतात, त्यात ग्लुकोज हिमोग्लोबिनला आपोआप चिकटतं, त्याला एन्झाइम लागत नाही. ते ग्लायकेशन. पेशी एन्झाइम वापरून साखळी बांधते ते ग्लायकोसिलेशन. मुलाखतीत या दोन्हींची गल्लत झाली की पुढचं कितीही चांगलं बोललात तरी उपयोग नसतो.

तंत्र आधी का? डीएनएवरून प्रथिनाचा क्रम वाचता येतो, ग्लायकनला तसा साचाच नाही. पेशीत कोणते एन्झाइम आहेत, गॉल्जीतून, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं पुढे पाठवणाऱ्या भागातून, प्रथिन किती वेगाने गेलं, कच्चा माल किती होता, यावर साखळी ठरते. त्यात डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआरसारखं प्रमाण वाढवण्याची सोय नाही. जेवढं सॅम्पल, तेवढाच पुरावा.

पहिल्या सहा महिन्यांत बहुधा एन-ग्लायकन (प्रथिनाच्या ॲस्परॅजिनला जोडलेल्या शर्करा) सोडवून त्यांची प्रोफाइल, म्हणजे कोणत्या किती आहेत ते, काढायला शिकवतील. प्रथिन ०.५ टक्के एसडीएस (डिटर्जंट) आणि ४० मिलिमोलर डीटीटीमध्ये (प्रथिनातले गंधकबंध तोडणारं रसायन) १०० अंश सेल्सिअसला १० मिनिटं उकळायचं, गार करायचं, १ टक्का एनपी-४० (सौम्य डिटर्जंट) घालायचं आणि मगच पीएनजीएज-एफ, शर्करा कापून सोडवणारं एन्झाइम. ३७ अंशांना एक तास, हट्टी प्रथिन असेल तर रात्रभर. एनपी-४० विसरलं तर एसडीएस एन्झाइमलाच निकामी करतं आणि प्रथिनावर शर्करा नव्हत्याच असा समज होतो. म्हणून शेजारच्या ट्यूबमध्ये शर्करा असलेलं ओळखीचं प्रथिन, आरएनेज-बी किंवा फेट्युइन, हवंच. जेलवर त्याची पट्टी खाली सरकली नाही तर दोष तुमच्या सॅम्पलचा नाही. वनस्पती किंवा कीटकांच्या प्रथिनात गाभ्यावर अल्फा-१,३ जोडणीची फ्यूकोज ही शर्करा असेल तर पीएनजीएज-एफ चालत नाही, पीएनजीएज-ए लागतं.

मग सी-१८ कार्ट्रिज: डिटर्जंट आणि प्रथिन अडकतं, शर्करा पाण्याबरोबर खाली येतात. त्या पूर्ण सुकवून २-एबी हे चमकणारं लेबल लावायचं, डीएमएसओ आणि ॲसिटिक ॲसिड ७०:३० मध्ये, सोडियम सायनोबोरोहायड्राइड घालून, ६५ अंशांना तीन तास. हे फ्यूम हूडमध्येच, आणि उरलेलं सायनोबोरोहायड्राइड ॲसिडच्या बाटलीत ओतायचं नाही, हायड्रोजन सायनाइड सुटतो. लवकर व्हावं म्हणून तापमान वाढवलं की साखळीच्या टोकाचं सायलिक ॲसिड गळतं. नेमकं तेच बहुतेक आजारांत महत्त्वाचं असतं. पुढे शर्करा वेगळ्या करणाऱ्या हिलिक कॉलमवर सॅम्पल ७५ ते ८० टक्के ॲसिटोनायट्राइलमध्ये चढवा. पाणी जास्त झालं तर शर्करा कॉलमला धरतच नाहीत, सगळं सुरुवातीलाच वाहून जातं.

रिकामी ब्लँक ट्यूब प्रत्येक वेळी चालवा. वस्तुमानाच्या पीकांमध्ये १६२-१६२चं (साखळीतल्या एका ग्लुकोजएवढं) अंतर राखणारी सरळ शिडी दिसली तर हुरळून जाऊ नका. ती बहुधा कागदाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजची असते.

खरी कसोटी मास स्पेकवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, लागते. ग्लुकोज, मॅनोज, गॅलॅक्टोज तिघांचंही साखळीतलं वस्तुमान एकच, १६२.०५. दोन फ्यूकोज मिळून २९२.१२ आणि एक न्यू-५-एसी सायलिक ॲसिड २९१.१०, फरक जेमतेम एकचा, म्हणजे शेजारचं आयसोटोप पीक सहज फसवतं. त्याहून वाईट जोडी: न्यू-५-जीसी (दुसरं एक सायलिक ॲसिड) अधिक फ्यूकोज, आणि न्यू-५-एसी अधिक हेक्सोज (ग्लुकोज, मॅनोज, गॅलॅक्टोज यांपैकी एक). दोन्हींचं रासायनिक सूत्र तंतोतंत सारखं. यंत्र कितीही महागडं घ्या, निव्वळ वस्तुमानावरून फरक कळणार नाही. साखळी तोडून तुकडे बघा, नाहीतर सायलिडेज किंवा फ्यूकोसिडेज (सायलिक ॲसिड किंवा फ्यूकोज कापणारी एन्झाइमं) लावून पुन्हा चालवा.

हा तपशील अजित वार्कींच्या कामाशी थेट जुळतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये ते डॉक्टर झाले, पुढे सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सायलिक ॲसिड धरून बसले. न्यू-५-जीसी आणि न्यू-५-एसीत फक्त एका ऑक्सिजनचा फरक. माणसाच्या सीएमएएच जनुकातून ९२ बेस जोड्या गेल्यामुळे आपण न्यू-५-जीसी बनवूच शकत नाही, हे १९९८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं. पण लाल मांसातून ते शरीरात येतं, आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं आपल्या रक्तात असतात. एका रेणूवरून ते उत्क्रांती, कर्करोग, आहार इथपर्यंत गेले. आधी आजार निवडला असता तर हे हाती लागलं असतं असं मला वाटत नाही. तुमच्या मानवी पेशींत न्यू-५-जीसी दिसलं तर मात्र शोध लागला म्हणू नका. आधी माध्यमातलं वासराचं सीरम तपासा, पेशी ते तिथूनच उचलतात.

लेक्टिनही, म्हणजे शर्करा ओळखून धरणारी प्रथिनं, वापरायला शिका, स्वस्तात बरंच कळतं. फणसाच्या आठळीतलं जॅकलिन आयजीए१ प्रतिपिंड वेगळं करायला वापरतात. कॉन-ए या लेक्टिनला कॅल्शियम आणि मँगनीज लागतं, बफरमध्ये धातू बांधून ठेवणारं ईडीटीए असेल तर सिग्नल जातो. आणि प्लेटच्या एका कपात लेक्टिनला धरणारी स्पर्धक शर्करा घाला; तरीही लेक्टिन चिकटून राहिलं तर ते शर्करेला धरत नव्हतं.

नोकरीचं विचाराल तर प्रोफाइल काढणारे हात बायोसिमिलर, म्हणजे जैविक औषधांच्या समतुल्य आवृत्त्या बनवणाऱ्या, कंपन्यांना लागतात, कारण प्रतिपिंडावरचं एक फ्यूकोज गेलं तरी औषधाची मारकशक्ती बदलते. दुसरं क्षेत्र संयुग्म लसींचं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनिंजायटिस-ए लस २०१० मध्ये आफ्रिकेत वापरात आली. जिवाणूची शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला जोडलेली, कारण नुसत्या शर्करेला दोन वर्षांखालचं मूल नीट प्रतिसाद देत नाही. अशा लसीत प्रथिनाला न जोडलेली मोकळी शर्करा किती, ही चाचणी करणाऱ्याला काम कमी पडत नाही.

गाइड निवडताना प्रकल्पाचं नाव बाजूला ठेवून विचारा: मास स्पेकवर विद्यार्थी स्वतः बसतो की सॅम्पल बाहेर पाठवतात? बाहेर पाठवत असतील तर दुसरी प्रयोगशाळा बघा.