गेटचा क्लास नक्की कोणाला लावलाय?

नमस्कार. मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सीजीपीए ७.९, ऑनलाइन वाटाघाटींची सॉफ्टवेअर बनवायची म्हणतोय आणि तुम्ही विचारताय हे खूळ डोक्यातून कसं काढू. मला काळजी मार्कांची नाही वाटली. त्याला न विचारता गेट परीक्षेच्या क्लासची फी भरून टाकलीत आणि वर लिहिताय 'हल्ली जेवतानाही बोलत नाही'. अहो, सगळं परस्पर ठरत असेल तर बोलेल कशाला? अख्ख्या मेलमध्ये त्याचं स्वतःचं म्हणणं एका ओळीचं, शेजारच्या मुलाचं पॅकेज मात्र दोनदा आलंय.

गेट एमटेकच्या प्रवेशाला चालते, पीएसयूत, म्हणजे सरकारी कंपन्यांत, नोकरीलाही चालते. द्यायची की नाही ते त्याला ठरवू दे.

आता 'घासाघीस करणारा बॉट, तो तर एआयच बनवेल' हे तुमचं वाक्य. चूक आहे, असं सॉफ्टवेअर म्हणजे नुसता बॉट नव्हे. कॅनडात ग्रेगरी कर्स्टन यांच्या गटाने १९९६ मध्ये इन्स्पायर नावाची सिस्टीम वेबवर आणली, त्यात सायकलच्या पार्ट्सचा सौदा होता: किंमत, डिलिव्हरी, पेमेंट आणि खराब माल परत घ्यायच्या अटी, मिळून १८० शक्यता. बोलणी माणसंच करायची, सिस्टीम फक्त ज्याला जे महत्त्वाचं त्याप्रमाणे प्रत्येक ऑफरला गुण द्यायची, आणि सौदा पक्का झाल्यावरही दोघांच्या जास्त फायद्याचा पर्याय उरला असेल तर तो दाखवायची. खरी डोकेफोड पुढे आहे, कारण कुणाला एकेक मुद्दा मिटवत जायचंय, कुणाला सगळं पॅकेज एकदम, कुठे एक खरेदीदार आणि पाच सप्लायर, आणि हे नियम कोडमध्येच घट्ट बसवले की दरवेळी नवं सॉफ्टवेअर लिहा. म्हणून याच गटाने नंतर इन्व्हाइट नावाच्या पुढच्या सिस्टीममध्ये वाटाघाटीचे नियम कोडपासून वेगळे काढले, तेच सुटे भाग वापरून वेगवेगळ्या सिस्टीम उभ्या करता याव्यात म्हणून.

वाटाघाटींचं सॉफ्टवेअर बनवणारा अशा नावाची पोस्ट कॅम्पसला येणार नाही, हे त्यालाही स्पष्ट सांगा. पण कंपन्यांची खरेदी, ऑनलाइन तंटे मिटवणं (२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात ऑनलाइन मध्यस्थीला जागा आहे) इथे हेच डिझाइन लागतं. फायनल इयर प्रोजेक्टला त्याने तो सायकलचाच सौदा घ्यावा आणि कोडला हात न लावता नियम बदलून दाखवावा, एवढं जमलं तर इंटरव्ह्यूला सांगण्यासारखं भरपूर आहे. गेम थिअरी, म्हणजे समोरचा काय करेल हे धरून निर्णय घ्यायचं गणित, थोडी वाचावी लागेल.

एमबीएचं विचारलंय, ते आत्ता नको. आणि पुढचा मेल त्याला करू दे, सीसीमध्ये तुम्ही नकोत.