सौताड्याला पहिल्यांदा जाताना

भाऊ, पहिल्यांदाच चाललायस तर ऐक. जामखेडहून बीडकडं निघालं की बालाघाटाच्या डोंगरात सौताडा लागतं. बहुतेक गाड्या न थांबताच पुढं जातात, याचं मला फार वाईट वाटतं. विंचरणा नदी इथं थेट दरीत उडी घेते. वरूनच फोटो काढून माघारी फिरू नकोस. पायऱ्या उतर, खाली रामेश्वराच्या देवळापाशी जा. तुषारांनी चष्मा भिजतो, शेजारच्याचं बोलणंही नीट ऐकू येत नाही. उन्हाळ्यात नुसता कोरडा कातळ दिसेल, म्हणून चांगला पाऊस पडू दे, मगच नीघ. ओल्या पायऱ्यांवर पाय सटकतो, चप्पल घालू नकोस. आणि कड्याच्या टोकावर सेल्फी अजिबात नको, हात जोडून सांगतो. वर चढताना दम लागतो, पाण्याची बाटली जवळ ठेव.