सांवेरच्या (इंदूर) गोदामात गहू-सोयाबीन भरायला टेलिहँडलरला (पुढे लांब होणाऱ्या हाताने, म्हणजे बूमने, माल उचलणारं यंत्र) कोणती बकेट घ्यावी?

बकेटच्या आधी यंत्राचा लोड चार्ट, म्हणजे बूम किती पुढे असताना किती वजन पेलतं त्याचा तक्ता, बघा. गहू घनमीटरला साधारण 750 ते 780 किलो भरतो, सोयाबीनही जवळपास तेवढंच. म्हणजे 2 घनमीटरच्या बकेटीत दीड टन माल, शिवाय बकेटचं स्वतःचं वजन. ट्रॉलीत ओतताना बूम जितका पुढे जाईल, तिथे हे सगळं पेलायला हवं. बूम आत असतानाचा मोठा आकडा सांगून कुणी बकेट विकत असेल तर त्यावर जाऊ नका, यंत्र पुढे कलंडू शकतं.

मातीची दातेरी बकेट नकोच. फरशी खरवडते, सोयाबीनची डाळ होते, आणि बियाणं ठेवायचं असेल तर ते नुकसान फारच वाईट! सरळ पात्याची घ्या. रुंदी टायरांच्या बाहेरच्या मापाहून थोडी जास्त, नाहीतर चाकाखाली धान्य चिरडतं.