जुना बोर्ड गेम ‘पूर्ण आहे’ असे कधी म्हणावे?

प्रश्न : गोरेगावच्या एका गृहस्थांकडून मी ‘कटान’ हा बोर्ड गेम सेकंडहँड घेतला. दादर स्टेशनच्या पुलावर भेटून पैसे दिले. ‘पूर्ण आहे ना?’ असे विचारल्यावर ‘हो, सगळे आहे’ असे ते म्हणाले. घरी मोजले तेव्हा निळ्या रंगाचा एक रस्ता (पटावर मांडायची छोटी पट्टी) आणि दोन डेव्हलपमेंट कार्डे (डावात विकत घ्यायची खास कार्डे) कमी निघाली. फोन केला, तर ‘आम्ही कधी मोजलेच नाही, खेळताना कधी काही अडले नाही’ असे उत्तर मिळाले. ही फसवणूक म्हणावी का? शिवाय हा संच मला आता दुसऱ्या एका खेळाच्या बदल्यात द्यायचा आहे. समोरच्याने विचारले नाही, तरी उणीव सांगायलाच हवी का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : त्या गृहस्थांच्या मनात कपट होते असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही. तरीही त्यांचे चुकले, कारण जे त्यांनी तपासलेच नव्हते त्याची त्यांनी ग्वाही दिली. ‘सगळे आहे’ आणि ‘माझ्या समजुतीप्रमाणे आहे, पण मोजलेले नाही’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. दुसरे वाक्य ऐकून तुम्ही कदाचित किंमत थोडी कमी करून मागितली असती, पण जे घेतले असते ते जाणून घेतले असते. मोजणे अवघडही नाही. खेळात काय काय असते याची यादी नियमपुस्तिकेत छापलेली असते आणि पुस्तिका हरवली असेल, तर बहुतेक प्रकाशक ती इंटरनेटवर उपलब्ध करून देतात.

काय हरवले आहे, यालाही महत्त्व आहे. ‘कटान’मध्ये प्रत्येक खेळाडूला १५ रस्ते मिळतात आणि बहुतेक डावांत ते सगळे पटावर लागत नाहीत, त्यामुळे एक रस्ता नसला तर आगपेटीची काडी ठेवूनही भागते. उणीव सगळ्यांना दिसते आणि सगळे ती सांभाळून घेतात. कार्डांचे तसे नाही. २५ डेव्हलपमेंट कार्डांत १४ ‘नाइट’ (योद्धा) प्रकारची, ५ विजयगुणांची आणि उरलेल्या तीन प्रकारांची प्रत्येकी २ असतात. मुरलेला खेळाडू या संख्या डोक्यात ठेवूनच कार्ड विकत घेतो. हरवलेली दोन्ही कार्डे या तिनांपैकी ‘मोनोपॉली’ प्रकारची असतील, तर गड्डीत नसलेल्या कार्डाची वाट पाहत कोणीतरी डावामागून डाव हरत राहील आणि त्याला कारणही कळणार नाही. ‘खेळताना कधी काही अडले नाही’ हे त्या गृहस्थांचे म्हणणे खरे असेल, पण अशी उणीव कधीच अडत नाही, म्हणूनच ती मोजल्याशिवाय सापडत नाही. तेव्हा कोणती दोन कार्डे नाहीत हे आधी यादीशी ताडून पाहा.

भरपाई केलेली असेल, तर तीही सांगावी. दुसऱ्या आवृत्तीतले कार्ड आणून घातले आणि त्याच्या पाठीचा रंग किंचित वेगळा असला, तर ते उलटे ठेवलेले असतानाही ओळखू येते. ‘स्क्रॅबल’ या शब्दखेळाच्या १०० फरशा (अक्षरांचे चौकोनी तुकडे) पिशवीत हात घालून काढायच्या असतात. त्यांतल्या एखादीचा कोपरा उडालेला असेल, तर ती बोटांना कळते. म्हणजे मोजून सगळे भरले, तरी खेळ निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. याउलट ‘तिकीट टू राइड’ या रेल्वेच्या खेळात प्रत्येक खेळाडूला आगगाडीचे ४५ छोटे डबे लागतात आणि प्रत्येक रंगाचे ३ डबे जादा दिलेले असतात, म्हणून एखाद्या रंगाचे दोन डबे कमी असले तरी खेळण्यात काही उणे राहत नाही. तेही सांगावे, पण कारणासह, म्हणजे घेणारा उगाच बिचकणार नाही.

मुंबईत आणखी एक गोष्ट विसरू नये. पावसाळ्याच्या दमट हवेत पुठ्ठ्याचा पट वाकतो, कार्डे वळतात आणि माळ्यावर ठेवलेल्या खोक्याला बुरशीचा वास धरतो. फोटोत वाकलेला पट सपाट दिसू शकतो आणि वास तर दिसतच नाही. ते विकणाऱ्यानेच आपणहून सांगायचे असते.

कायद्यापुरते थोडक्यात सांगतो. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ च्या स्पष्टीकरणात मात्र, केवळ गप्प राहणे हे एरवी कपट ठरत नाही असे म्हटले आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कायद्याच्या आधाराने ‘सांगितले नाही तरी चालेल’ असे उत्तर कदाचित देता येईल, पण मी ते देणार नाही. समोरचा माणूस विचारत नाही, कारण तो तुमच्यावर विसंबून असतो. म्हणून अदलाबदल ठरण्याआधीच सगळे भाग रंगवार मांडून फोटो पाठवा आणि सोबत लिहा : ‘एक निळा रस्ता व दोन डेव्हलपमेंट कार्डे (अमुक प्रकारची) नाहीत, बाकी सर्व यादीप्रमाणे मोजले आहे.’ त्यांच्या खेळाबद्दलही असेच मागून घ्या. संध्याकाळी सहाच्या गर्दीत दादरच्या पुलावर कोणालाही ‘कटान’ची ९५ रिसोर्स (कच्च्या मालाची) कार्डे मोजता येणार नाहीत, तेव्हा घरी मोजायला दोन दिवसांची मुदत आणि काही कमी निघाल्यास परत घेण्याची तयारी, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवावे. गोरेगावच्या गृहस्थांना मात्र रागाने नव्हे, तर यादी पाठवून थोडे पैसे परत मागा. काही प्रकाशक सुटे भागही पुरवतात, तो खर्च त्यांच्याकडून मागणे रास्त आहे.

प्रश्न : रद्दीच्या दुकानात मला एक जुना, दुर्मिळ खेळ अगदी स्वस्तात मिळाला. दुकानदाराला त्याची किंमत ठाऊक नव्हती. मी गप्प राहिलो, हे बरोबर झाले का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : दुकानदाराने स्वतःहून किंमत सांगितली आणि तुम्ही ती दिली, यात मला गैर दिसत नाही. जुन्या वस्तूंची पारख करणे हा त्याचा व्यवसाय आहे. मात्र तुम्ही ‘याला कोण विचारतो’ असे म्हणून भाव पाडला असेल, तर ते खोटे बोलणे झाले. आणि हाच खेळ चाळीतल्या एखाद्या आजींनी घर आवरताना ‘तूच सांग रे, किती द्यायचे ते’ म्हणून पुढे केला असता, तर खरी किंमत सांगणे तुमचे कर्तव्य ठरले असते, कारण तिथे भाव ठरवण्याचे काम त्यांनी तुमच्यावरच सोपवले असते.