हापशाला हात लावण्याआधी

प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

तुझे पत्र दोनदा वाचले. तुमच्या मंडळीचे आठ जण तीन आठवड्यांसाठी उत्तर युगांडात, गुलूच्या पलीकडच्या एका गावात, हापसे दुरुस्त करायला निघाले आहेत. आणि एवढ्या थोड्या दिवसांत आपल्या हातून काय होणार, त्यापेक्षा तिकिटांचे पैसेच तिकडे पाठवलेले काय वाईट, असे तू विचारतेस. पैशांचे तुझे पाळक पाहतील. मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे: जे काम तिथल्या माणसाला उद्या करावे लागणार आहे, त्याला तू आज हात लावू नकोस.

मी 2009 साली उत्तर युगांडातल्याच किटगुमच्या बाजूला गेलो होतो. युद्धाच्या काळात वर्षानुवर्षे छावण्यांत राहिलेली तिथल्या अचोली समाजाची कुटुंबे तेव्हा आपापल्या गावी परतत होती. तिथला हापसा पाहून माझा ऊर भरून आला, कारण तो आपला होता. जालन्याच्या मिशनच्या कामातून निघालेला आणि पुढे सोलापुरात सुधारलेला पोलादी हापसा पायाशी धरूनच 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू तयार झाला, आणि युगांडात त्यालाच यू-टू म्हणतात. मी सोलापूरचा फिटर. या हापशाची साखळी मला डोळे मिटून बसवता येते. तिथे मला कोणाला काही विचारण्याची गरज वाटली नाही, आणि तिथेच मी चुकलो.

गावात एक वयस्क मेकॅनिक होता. सायकलच्या कॅरिअरला पोत्यात गुंडाळलेले पाने बांधून तो आला आणि कडेला उभा राहिला. आम्ही सिलिंडरपर्यंतचे दहाही पाइप उपसून काढले, झिजलेले वॉशर बदलले, साखळीला ग्रीस लावले, आणि संध्याकाळी पाणी आले. बायकांनी गाणी म्हटली, आम्ही प्रार्थना केली, फोटो काढले. मेकॅनिकला मी बिस्किटांचा पुडा दिला. तो त्याने दोन्ही हातांनी घेतला, आणि मला त्याचे समाधान वाटले. ते आठवले की आजही मला जेवण जात नाही.

पुढच्या वर्षी मी एकटाच, स्वतःच्या खर्चाने, पुन्हा गेलो. हापसा बंद होता आणि बायका ओढ्यावर जात होत्या. पाणी समितीची वर्गणी थांबली होती, कारण परदेशी मंडळी येऊन फुकट दुरुस्त करून जातात हे गावाने डोळ्यांनी पाहिले होते. वर्गणीच नाही म्हटल्यावर मेकॅनिकला मजुरी कोण देणार? त्याने ते काम सोडले होते. आम्ही एका दिवसात एक हापसा सुरू केला आणि तो सुरू ठेवणारी सगळी घडी मोडून आलो.

त्या खेपेला मी चार महिने राहिलो आणि एकाही हापशाला पाना लावला नाही. पुष्कळ मिनतवाऱ्या करून मेकॅनिकला परत आणले आणि त्याच्या शेजारी बसलो. पाणी वर यायला दांडा किती वेळा मारावा लागतो, ते तो आधी मोजायचा. रात्रभर हापसा उभा राहिल्यावर सकाळी आकडा वाढला, तर खालचा व्हॉल्व गळतो किंवा एखादा पाइप सडला आहे, हे तो पाइप न उपसता सांगायचा. समितीच्या बैठकीत हे त्याने स्वतः समजावले, तेव्हा वर्गणी पुन्हा सुरू झाली. परत आल्यावर आमच्या कमिटीने मला विचारले, किती हापसे दुरुस्त केले? मी म्हणालो, एकही नाही. त्यानंतर मला कोणत्याही संघात घेतले नाही. मी हट्टी आहे असे तुलाही कोणीतरी सांगितले असेल. आहेच, आणि त्या चार महिन्यांबद्दल मी आजही कोणाची माफी मागणार नाही.

तू म्हणशील, पाण्यावाचून लोक तहानलेले असताना नियम कसले सांगता? रागावू नकोस, पण हा प्रश्न तिथे तीन आठवडेच राहणाऱ्याला पडतो. बायबलमध्ये शोमरोनातल्या विहिरीपाशी प्रभू येशू थकून बसले, तेव्हा त्यांच्याजवळ पोहरा नव्हता. त्यांनी तिथे पाणी भरायला आलेल्या बाईकडे पाणी मागितले. जिवंत पाण्याचे बोलणे त्यानंतर आले. आपले संघ आधी पोहरा विकत घेतात, आणि मग मागण्यासारखे काही उरत नाही. जे काम तिथल्या माणसाला उद्या करावे लागणार आहे, त्याला हात लावू नकोस. त्याचा पाना धर, त्याचे ऐक, आणि त्याची मजुरी समितीच्या हातून त्याला मिळेल एवढे बघ.

जायचे की नाही हे मी सांगणार नाही. गेलीस तर पहिला आठवडा फक्त भेटीगाठींना ठेवा, आणि संघातल्या कोणी कुरकुर केली तर माझे नाव सांग. अचोली भाषेत ‘कोप आंगो’ म्हणजे काय खबर. त्याला उत्तर ‘कोप पे’. पाण्याला ते ‘पी’ म्हणतात, ते तुला विसरणे अवघड आहे. तिथल्या मेकॅनिकचा शोध घे, आणि तुमच्या हापशाला सकाळी पाणी यायला दांडा किती वेळा मारावा लागतो, हे त्याच्याकडून विचारून मला कळव.

तुझा,
काका